लपणारा आणि शोधणारा: ऑनलाइन लढतीत तोल कसा साधायचा?

घाटमाथा | शुक्रवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी.

मी आणि माझे दोन मित्र गेलं दीड वर्ष नोकरी सांभाळून एक छोटा गेम बनवतोय. चार विरुद्ध चार, वरून दिसणारा नकाशा, दहा मिनिटांची मॅच. त्यात 'सावली' नावाचं एक पात्र आहे. ती ८ सेकंद अदृश्य होते आणि त्या अवस्थेतून मारलेला पहिला वार दुप्पट लागतो. तिला तोड म्हणून आम्ही 'कंदील' ठेवला. विकत घ्यायचा, पेटवायचा, की त्याच्या उजेडात जो कोणी लपला असेल तो दिसतो.

गेल्या रविवारी कर्वेनगरला मित्राच्या घरी बारा जणांना बसवून चाचणी घेतली. ज्या टीमकडे कंदील नव्हता तिचा सावलीने फडशा पाडला. कंदील आला की सावली खेळणाऱ्याला करायला काही उरलंच नाही. मधली अवस्थाच नाही. तिसऱ्या मॅचनंतर एका मुलीने हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाली, "हरले त्याचं काही नाही. पण मी काय केलं असतं तर वाचले असते, तेवढं सांगा." मला उत्तर देता आलं नाही. आठवडाभर तेच डोक्यात आहे.

आकडे बदलून पाहिले. ८ चे ६ सेकंद केले, दुपटीचं दीडपट केलं. तक्रार तीच, फक्त मरायला थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे खोट रचनेत आहे. तुम्ही डोटा, वॉव (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट), टीम फोर्ट्रेस असे ऑनलाइन गेम वर्षानुवर्षं खेळलाय. तुमच्याकडे काय जमलं, काय फसलं, ते सविस्तर लिहा. घाई नाही.

डस्टवाली_ताई | शनिवार, सकाळी ७:१५

दहा वर्षं डोटा २ खेळते, कायम सपोर्ट, म्हणजे बाकीच्यांना सांभाळणारी. त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे, जरा लांब लिहिते.

डोटात अदृश्य हीरोला एकच तोड नाही, बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीची किंमत वेगळ्या नाण्यात मोजावी लागते. डस्ट ८० सोन्याला मिळते. टाकली की गेमच्या मापाने १०५० च्या परिघातले लपलेले शत्रू १२ सेकंद उघडे पडतात. पण कधी टाकायची ते तुम्ही ओळखायचं. माणूस निसटल्यावर टाकली तर ती वाया. सेंट्री वॉर्ड जमिनीत रोवायचा. तो आपल्या जागी बराच वेळ राखण करतो, लपलेले दाखवतो, पण जागचा हलत नाही, आणि समोरच्याने स्वतःची सेंट्री टाकून तो शोधला तर फोडतो. जेम ९०० सोन्याचा. ज्याच्याकडे आहे त्याच्या आसपास कायम सगळं दिसतं, पण तो मेला की जेम जमिनीवर पडतो आणि शत्रू उचलून नेतो. म्हणजे जेम घेणारा स्वतःच सावज होतो. आणि टॉवर, म्हणजे आपल्या बाजूचे राखणदार बुरूज. टॉवरला ७०० च्या आतलं लपलेलंही दिसतं, फुकट. त्यामुळे कितीही मार खाल्लात तरी मागे सरून उभं राहायला एक जागा उरते.

आता तुमचा कंदील बघा. वेळ साधायची गरज नाही, जागा निवडायची गरज नाही, हातातून जायची भीती नाही. घेतला की काम संपलं. म्हणून तुमच्याकडे 'कंदील आहे' आणि 'कंदील नाही' एवढ्या दोनच मॅच आहेत.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तोडीचा खर्च कोणाच्या खिशातून जातो? टीममध्ये सगळ्यात कमी सोनं सपोर्टकडे असतं आणि डस्ट मात्र सपोर्टनेच घ्यायची असा अलिखित नियम. समोर रिकी हा लपून मारणारा हीरो आहे, आपला कॅरी (मुख्य मारा करणारा) तीन वेळा मेलाय, माझ्याकडे ७० सोनं आहे आणि चौघं एकदम विचारताहेत, "सपोर्ट, डस्ट कुठंय?" असल्या मॅच मी मोजायच्या सोडून दिल्या. रिकीपेक्षा आपल्याच माणसांचा जास्त राग येतो. २०१९ मध्ये ७.२३ आवृत्तीत नुसती नजर ठेवणारे साधे ऑब्झर्वर वॉर्ड फुकट झाले तेव्हा आमच्यासारख्यांच्या जिवात जीव आला. अदृश्यतेचा त्यांच्याशी थेट संबंध नाही, पण वाचलेलं सोनं सेंट्री-डस्टला लावता आलं. तेव्हा कंदिलाला किंमत ठेवणार असाल तर ती अख्ख्या टीमच्या सामायिक पैशांतून जाऊ दे.

आणि एक, स्मोकचा विचार जरूर करा. स्मोक ऑफ डिसीट ५० सोन्याचा. सगळी टीम अदृश्य होते आणि ती सेंट्रीला दिसत नाही, जेमलाही नाही. पण शत्रूचा हीरो किंवा टॉवर १०२५ च्या आत आला की स्मोक आपोआप उतरतो. म्हणजे लपून पोचता येतं, लपून मारता येत नाही. डोटातली मला सगळ्यात आवडणारी रचना हीच. २०१९ च्या एप्रिलमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वन मुंबई झाली तेव्हा मी प्रेक्षकांत होते. एखादी टीम स्मोक करून निघाली की सगळा डोम श्वास रोखून बघायचा, कारण आम्हाला दोन्ही बाजू दिसत होत्या. मरणाऱ्यालाही नंतर कळतं की आपण नकाशावर चौघं दिसत नसताना पुढे गेलो, तिथे चुकलो. तुमच्या त्या मुलीला हेच हवंय.

पाठीमागे_बघ | शनिवार, सकाळी ९:०२

ताई, सुंदर प्रतिसाद. मी टीम फोर्ट्रेस २ वाला, त्यामुळे दुसऱ्या टोकाकडून सांगतो. आमच्याकडे स्पायला शोधायला काहीही विकत घ्यावं लागत नाही.

गेम २००७ चा. स्पाय अदृश्य होतो, शत्रूचं सोंगही घेतो आणि पाठीत सुरी खुपसली तर समोरच्याचं आरोग्य कितीही असो, एका वारात खेळ संपतो. ऐकायला किती अन्यायी वाटतं! पण बाकीचे नियम बघा. आपल्या टीमचा माणूस आपल्यातून आरपार जातो, शत्रू जात नाही. म्हणून संशय आला की सरळ त्याच्या अंगावर चालत जायचं. अडखळलात तर तो स्पाय. अदृश्य स्पायला धक्का लागला किंवा गोळी लागली की तो क्षणभर चमकतो. पायरो या आगवाल्या वर्गाने आग फवारली की पेटलेला स्पाय लपू शकत नाही. अदृश्य असताना त्याला वार करताच येत नाही. आधी पडदा उतरवायचा, त्याला सुमारे दोन सेकंद जातात आणि उतरवताना आवाज होतो. शिवाय त्याचं स्वतःचं आरोग्य १२५, म्हणजे सगळ्यात नाजूक वर्गांपैकी एक.

यातली गोम अशी की शोधणं ही सवय आहे, वस्तू नाही. दर काही सेकंदांनी मागे वळून बघणारा खेळाडू वाचतो, न बघणारा मरतो, आणि पहिल्याच दिवशी मेलेल्यालाही आपण वळलो नाही हे कळतं. तुमची सावली अदृश्य असतानाच वार करते. दिसणं आणि वार यांच्यात फट ठेवा. एक सेकंद पुरे. कान-डोळे उघडे असलेल्या माणसाला तेवढ्यात वळता आलं पाहिजे.

अजून एक. शत्रूकडून पळवायची इंटेलिजन्सची पेटी उचलली की स्पायला ना सोंग घेता येत, ना अदृश्य होता येत. अदृश्य किंवा सोंगात असताना पॉइंटही (ताब्यात घ्यायची जागा) घेता येत नाही. जिंकायचं तर उजेडात यावं लागतं. हा नियम तुमच्याकडे आहे का?

घाटमाथा | शनिवार, सकाळी १०:३०

नाही! सावली अदृश्य राहून चौकी घेऊ शकते. हे कधी डोक्यातच आलं नाही. आजच बदलतो. दोघांचेही मनापासून आभार.

ह्यूस्टनकर | शनिवार, सकाळी ११:१०

पाठीमागे_बघ यांच्या शेवटच्या मुद्द्याला दुजोरा. वॉवच्या वॉरसाँग गल्च या झेंडा पळवायच्या लढतीतही झेंडा हातात असताना रोगने (Rogue, लपून मारणारा वर्ग) स्टेल्थ घेतली, म्हणजे तो लपला, की झेंडा पडतो. गिल्ड वॉर्स २ च्या पीव्हीपीत (खेळाडू विरुद्ध खेळाडू) अदृश्य माणूस पॉइंटवर उभा असला तरी घेण्यासाठी तो धरला जात नाही. वेगवेगळ्या कंपन्या एकाच निष्कर्षाला आल्या, म्हणजे त्यात तथ्य असणार.

मी मात्र वेगळ्या दुखण्याकडे लक्ष वेधतो. जुन्या वॉवमध्ये मी मेज (Mage, जादूगार) खेळायचो आणि रोगवर जीव जळायचा. आता इतक्या वर्षांनी विचार करता वाटतं, तो दिसत नव्हता याचा राग नव्हताच. दिसल्यावरही मला बोट हलवता येत नव्हतं, राग त्याचा होता. आधी चीप शॉट, ४ सेकंद सुन्न. मग किडनी शॉट, आधीच्या वारांतून पाच कॉम्बो पॉइंट जमले असतील तर ६ सेकंद. तोवर अंगातलं रक्त संपलेलं. आणि चुकून मी वाचलोच तर तो व्हॅनिश वापरून पुन्हा गायब! लढाई कधी सुरू करायची तेही त्याच्या हातात आणि कधी थांबवायची तेही. यातलं एक काहीतरी समोरच्याच्या हातात असलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

गिल्ड वॉर्स २ ने यावर चांगला तोडगा काढला. लपून वार केला की 'रिव्हील्ड' लागतं आणि काही सेकंद पुन्हा लपताच येत नाही. वॉवच्या अरेनात दुसरीच अडचण होती: दोन्हीकडे रोग, दोघेही लपून बसलेले, लढाई सुरूच होईना. म्हणून मॅच जरा लांबली की शॅडो साइटचे गोळे येतात. ज्याने उचलला त्याला लपलेले दिसतात, पण त्या काळात त्याला मारही जास्त बसतो. दृष्टी मिळते, किंमत अंगावर येते. ताईंच्या जेमचाच भाऊ.

तुमच्या सावलीच्या पहिल्या वारानंतर समोरचा किती वेळ हतबल असतो?

घाटमाथा | शनिवार, सकाळी ११:२५

सुन्न होत नाही, पण दुप्पट वार लागला की साधारण निम्मं आरोग्य जातं. दुसऱ्याने कोणी हलकासा हात लावला तरी मरण.

ह्यूस्टनकर | शनिवार, सकाळी ११:३१

मग ते सुन्न होण्यासारखंच झालं. हात मोकळे असून उपयोग नाही.

निळा_धूर | शनिवार, दुपारी २:४५

इथे सगळे पकडणाऱ्यांच्या बाजूने बोलताहेत. मी रिकी खेळतो, आवडीने खेळतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

लपून खेळणं म्हणजे फुकटचे बळी नव्हेत. समोरचा काय विचार करतोय, सेंट्री कुठे रोवली असेल, डस्ट कोणाच्या पिशवीत आहे, हे सगळं डोक्यात ठेवून वीस-वीस सेकंद शत्रूच्या शेजारी शांत उभं राहायचं, ही कला आहे. त्यातला आनंद काढून घेतलात तर पात्र ठेवूच नका.

खालच्या रँकला नकाशा कोणी बघत नाही, म्हणून तिथे आम्ही राक्षस वाटतो. वरच्या रँकला रिकी निवडलेला दिसताच सेंट्री आधीच रोवल्या जातात आणि आमचा निम्मा गेम त्या शोधण्यात जातो. एकाच हीरोबद्दल खालचे म्हणतात काढून टाका, वरचे म्हणतात निरुपयोगी. घाटमाथा, तुमच्या बारा जणांपैकी किती जण रोज असले गेम खेळतात? नवख्यांच्याच तक्रारी ऐकून सावली कापत गेलात तर सहा महिन्यांनी तिला हात लावणारा कोणी उरणार नाही.

आणि 'करायला काही उरत नाही' यावरही उपाय आहे. माझ्यावर डस्ट पडली तरी माझ्याकडे स्मोक स्क्रीन असतो. त्या धुरात शत्रूला मंत्र टाकता येत नाहीत, वार हुकतात. पकडला गेलो तरी मी हीरो असतो. तुमच्या सावलीकडे अदृश्यतेशिवाय दुसरं काय आहे? काहीच नसेल तर कंदील लागला की ती बसून राहणारच. उजेडात सापडलेल्यालाही एक डाव हवा. तोडीला तोड हवी.

डस्टवाली_ताई | शनिवार, दुपारी ३:२०

निळा_धूर, तुझं म्हणणं पटलं. रिकी समोर असला की मी वैतागते, पण चांगला रिकी ओळखू येतो आणि त्याच्या हातून मरताना तेवढा राग येत नाही हे खरंय.

रँकबद्दल मात्र थोडी असहमत. नवखा माणूस पहिल्या पाच मॅचमध्ये कंटाळून गेला तर वरची रँक भरायला माणसं कुठून आणणार? छोट्या गेमला तर ते मुळीच परवडणारं नाही.

मुलुंड_मिडलेन | शनिवार, संध्याकाळी ६:००

लीग ऑफ लेजंड्सचा अनुभव थोडक्यात. आमच्याकडे पूर्वी ऑरेकल्स एलिक्सिर होतं. प्यायलं की लपलेलं सगळं दिसायचं. तुमच्या कंदिलाचाच प्रकार, आणि ते गेममधून काढून टाकलं. मग २०१६ च्या शेवटी अदृश्यतेचे सरळ दोन भाग केले. इव्हलिन, ट्विच यांच्यासारख्या बराच वेळ लपणाऱ्यांना 'कॅमोफ्लाज': जवळ गेलात की दिसतात, कंट्रोल वॉर्डलाही (आमच्याकडचा रोवायचा शोधक वॉर्ड) दिसतात. शाको, वेन यांच्यासारख्या क्षणभर गायब होणाऱ्यांना खरी 'इनव्हिजिबिलिटी': ती कंट्रोल वॉर्डला दिसत नाही, पण संपतेही लवकर.

लांब लपायचं असेल तर कच्चं लपा, पक्कं लपायचं असेल तर थोडाच वेळ. ८ सेकंद पक्कं लपणं मला तरी जास्त वाटतं. २०१८ मध्ये अकाली (Akali) हे पात्र नव्या रूपात आलं तेव्हा तिच्या धुरात ती टॉवरलासुद्धा दिसायची नाही. लोकांनी डोक्याला हात लावला आणि पुढे ती सोय काढून घेतली गेली. ताई म्हणतात ती 'मागे सरून उभं राहायची जागा' हिरावली की काय होतं, त्याचं हे उदाहरण.

सर्व्हर_सांभाळतो | शनिवार, रात्री ९:१८

डिझाइनचं तुम्ही जाणा, मी तांत्रिक बाजू सांगतो. सावली अदृश्य असताना तिची जागा सर्व्हर समोरच्यांच्या यंत्राला पाठवतो का? पाठवत असेल आणि फक्त चित्र लपवत असाल, तर चीट लिहिणारा एका संध्याकाळीत ती जागा वाचेल. मग हा सगळा धागा व्यर्थ. व्हॅलोरंटने २०२० मध्ये येतानाच, भिंतीआडचा शत्रू दिसण्याची शक्यता निर्माण होईपर्यंत त्याची माहिती पाठवायचीच नाही, असं धोरण ठेवलं. तेच करा. पायांचे ठसे किंवा आवाज देणार असाल तर तेवढाच पाठवा, पूर्ण जागा नको.

त्यात एक पाचर आहे. सावली प्रकट होताना तिची माहिती एकदम पाठवावी लागते. पिंग (माहिती सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) ८० मिलिसेकंद असलेल्याच्या 'एक सेकंदा'तून तेवढा भाग आधीच गेलेला असतो, आणि गावाकडे मोबाइल डेटावर खेळणाऱ्याचं पिंग कधीकधी दुपटीने वाढतं. म्हणून ती फट सर्व्हरवर मोजा आणि जरा सढळ ठेवा.

रात्रीची_फेरी | शनिवार, रात्री ११:५०

पहिल्यांदाच या विभागात लिहितेय. सगळं वाचलं. आवाजाबद्दल एक विनंती आहे.

माझं बाळ सात महिन्यांचं आहे. मी खेळते ते रात्री, आवाज पूर्ण बंद करून, कारण हेडफोन घातले तर ते रडलेलं ऐकू येणार नाही. लपणाऱ्याची चाहूल फक्त आवाजावर ठेवली की असा गेम मला खेळताच येत नाही. माझ्या भावाला एका कानाने ऐकू येत नाही, आवाज डावीकडून आला की उजवीकडून हे त्याला कळत नाही. जे ऐकू येतं ते कुठेतरी दिसूही द्या. अगदी पुसट चालेल.

पाठीमागे_बघ | रविवार, सकाळी ८:४०

हा विचार मी कधीच केला नव्हता. माझ्या फटीच्या मुद्द्यात 'कान' लिहिलंय ते मागे घेतो. डोळ्यांना दिसेल अशीच खूण हवी.

घाटमाथा | सोमवार, रात्री १०:०५

मंडळी, काल चाचणी पुढे ढकलली आणि आम्ही तिघांनी तुमचे प्रतिसाद समोर ठेवून दिवसभर काम केलं. बदल असे.

विकतचा कंदील गेला. नकाशावर दिव्याचे पाच खांब रोवलेत. दोन प्रत्येकी एका टीमच्या तळावर, ते कायम पेटलेले. बाकीचे तीन मधल्या भागात. तिथे कोणीही दोन सेकंद उभं राहिलं की दिवा लागतो आणि २० सेकंद जळतो. पैसे कोणाचेच जात नाहीत, पण ते दोन सेकंद उभं राहणारा उघड्यावर असतो.

सावली धावली तर मातीत ठसे उमटतात, चालली तर नाही. गवतात कशानेच उमटत नाहीत. ठसे सगळ्यांना दिसतात, आवाज बंद असला तरी. अदृश्यता ६ सेकंद, प्रकट व्हायला १ सेकंद, मगच वार. वार दीडपट. वारानंतर ५ सेकंद पुन्हा लपता येत नाही. लपून चौकी घेता येत नाही. आणि निळा_धूर यांच्या आग्रहाखातर सावलीला एक नवा डाव दिला: मूठभर राख. फेकली की जवळचा दिवा विझतो आणि शेजारच्या शत्रूचा वेग क्षणभर मंदावतो.

रविवारी पुन्हा तेच लोक येताहेत.

निळा_धूर | सोमवार, रात्री १०:४०

राख वाचून आनंद झाला. तळावरचे दिवे विझत नाहीत ना? विझू देऊ नका. मी सावली खेळणारा असूनही सांगतो.

घाटमाथा | पुढचा रविवार, रात्री १०:२०

तळावरचे विझत नाहीत. आज नऊ जण आले, अकरा मॅच झाल्या. सगळं जमलंय असं म्हणवत नाही. सावली जिंकली तशी हरलीही, पण तीन विरुद्ध एक झालं की राखेचा काही उपयोग होत नाही. आणि गवताचा पट्टा डाव्या बाजूला इतका लांब आहे की तिथून येणारी सावली शेवटपर्यंत कळत नाही. तो उद्या मधोमध तोडतोय.

ती मुलगी आली होती. दुसऱ्या मॅचमध्ये सावलीने तिला मधल्या खांबापाशी मारलं. मी तिच्या मागेच उभा होतो. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ठसे दिसले होते. दिवा लावायच्या नादात वळले नाही." आणि पुढची मॅच सुरू व्हायच्या आत तिने स्वतः सावली निवडली.

निळा_धूर | पुढचा रविवार, रात्री १०:५५

राख किती वेळाने परत मिळते?

घाटमाथा | पुढचा रविवार, रात्री ११:०१

१८ सेकंदांनी.

निळा_धूर | पुढचा रविवार, रात्री ११:०४

दिवा २० सेकंद जळतो आणि राख १८ ला परत येते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक दिव्याला एक मूठ मिळते. हे मलाच जास्त वाटतंय. २५ करून बघा.

डस्टवाली_ताई | पुढचा रविवार, रात्री ११:१२

मी ३० म्हणणार होते. २५ ने सुरुवात करा. आणि पुढच्या चाचणीला ऑनलाइन जागा असेल तर मला घ्या, नाशिकहून खेळेन. दिवे मी लावते.